काडी सुटली, रस राहिला

तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलमध्ये जा, आता एक अख्खा कप्पा हर्बल माउथवॉशचा असतो. हिरव्या बाटल्या, त्यावर कडुनिंबाची पानं, तुळस, लवंग, कुठे त्रिफळा, कुठे पुदिना. दहा वर्षांआधी आमच्याकडे हे काहीच नव्हतं. माउथवॉश म्हणजे दातांच्या डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून दिलेली ती गुलाबी नाहीतर हिरवट बाटली, क्लोरहेक्झिडिन नावाच्या जंतू मारणाऱ्या औषधाची, दात काढला की मिळायची आणि अर्धी वापरून खिडकीत पडून राहायची. आता लोक स्वतः मागतात, आणि मागताना हमखास म्हणतात, केमिकलवालं नको भाऊ, झाडपाल्याचं द्या. मला हे आवडतं. आपल्या झाडांवर लोकांचा विश्वास आहे आणि तो पोकळ नाही, हे मी पुढे लिहितोच. पण बरेच दिवसांपासून एक गोष्ट मनात घोळतेय ती ही की आपल्याकडे कडुनिंबाची, बाभळीची जी काडी होती तिच्यातला रस तेवढा बाटलीत आला आणि काडी मागे राहून गेली. आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त काम काडीच करत होती.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूचं. आजा सकाळी वावरात निघाला की धुऱ्यावरच्या बाभळीची करंगळीएवढी काडी मोडून घ्यायचा, काटे काढायचा, आणि एक टोक दाढेखाली धरून चावत चावत चालायचा. टोकाचा कुंचा व्हायला वेळ लागतो, बाभूळ चिवट असते. मग तो कुंचा दातांवरून वर खाली, आतून बाहेरून, हिरडीच्या कडेकडेने. वावर येईपर्यंत हेच. शेवटी काडी मधून उभी चिरायची, दोन फाका, त्याने जीभ खरवडायची आणि विहिरीच्या पाण्याने चुळा भरायच्या. आम्ही पोरं पेस्ट लावून दोन मिनिटात मोकळे व्हायचो तर आजी ओरडायची, "अबे पोट्टेहो, फेस काढून राह्यले का दात घासून राह्यले?" आज दातांविषयी जे थोडंफार वाचलं, ऐकलं, डॉक्टरांना विचारलं, त्यानंतर वाटतं की अख्ख्या विषयाचा मुद्दा आजीने त्या एका वाक्यात सांगितला होता.

दातावर जो चिकट पांढुरका थर येतो, नखाने ओढला की नखात भरतो, त्याला डॉक्टर प्लाक म्हणतात. तो अन्नाचा लेप नाही, ती जंतूंची वस्ती आहे. दात स्वच्छ घासला तरी काही मिनिटात थुंकीतल्या प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा दातावर बसतो, त्यावर काही तासात जंतू येऊन चिकटतात, मग त्यांच्यावर दुसऱ्या जातीचे चिकटतात, आणि सगळे मिळून स्वतःभोवती एक डिंकासारखा पदार्थ तयार करतात. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाचा जंतू तर आपण खाल्लेल्या साखरेपासूनच हा डिंक बनवतो आणि त्याच साखरेपासून आम्लही सोडतो, तोंडातला पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताचं कडक कवच विरघळायला लागतं, म्हणजे कीड. आणि हाच थर तसाच राहिला की थुंकीतलं कॅल्शियम त्यात बसतं, काही दिवसात तो दगडासारखा होतो, त्यालाच आपण किटण म्हणतो. किटण एकदा चढलं की ना काडीने निघत ना ब्रशने ना कोणत्या काढ्याने, ते डॉक्टरकडे जाऊन मशीननेच काढावं लागतं.

आता त्या डिंकाचा विचार करा. जंतू त्याच्या आत आहेत, तुम्ही वरून औषध फिरवलं तर ते किती आत जाणार? दुधाच्या गंजाला (पातेल्याला) खाली लागलेला थर नुसतं पाणी हलवून निघत नाही, तो घासावाच लागतो, तसं हे आहे. आणि ही गोष्ट आजची नाही. हॉलंडमधला लेवेनहूक, ज्याने स्वतः भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवले, त्याने १६८३ साली आपल्याच दातांतला पांढरा थर भिंगाखाली ठेवून त्यातले वळवळणारे जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. हा माणूस रोज मीठ लावून दात घासायचा. त्याने व्हिनेगरने चूळ भरूनही पाहिली, आणि मग काढलेल्या थरात पुन्हा जिवंत जीव सापडले, तेव्हा त्याने लिहिलं की व्हिनेगरने थराच्या बाहेरचे तेवढे मेले, आत ते पोचलंच नाही. तीनशे चाळीस वर्षं झाली या गोष्टीला. माउथवॉशच्या कुठल्याही बाटलीबद्दल, हर्बल असो की डॉक्टरी, पहिला प्रश्न आजही हाच आहे.

प्लाकमुळेच हिरड्या सुजतात हे पक्कं सिद्ध झालं ते १९६५ मध्ये. डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हॅराल्ड लो या दातांच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसात प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागले, पुन्हा ठीक झाल्या. इतका साधा प्रयोग. मग १९७० मध्ये त्याच लो आणि शिऑटने दाखवलं की दात घासणं बंद ठेवलं पण ०.२ टक्के क्लोरहेक्झिडिनच्या १० मिलीने दिवसातून दोनदा चूळ भरली तर प्लाक जवळपास धरतच नाही. तेव्हापासून सगळ्या माउथवॉशांचं माप म्हणजे क्लोरहेक्झिडिन. ते इतकं चालतं कारण ते दाताला आणि तोंडाच्या आतल्या कातडीला चिकटून राहतं आणि तासन्‌तास हळूहळू सुटत राहतं. बाकी बहुतेक औषधं थुंकली की संपली. पण लक्षात घ्या, ते दात आधी स्वच्छ केलेले होते. स्वच्छ दातावर थर बसू न देणं वेगळं आणि बसलेला जाड थर काढणं वेगळं.

मग एवढं चांगलं औषध असताना झाडपाला कशाला, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर आमच्या घरातच आहे. वहिनीच्या हिरड्यांतून रक्त यायचं, डॉक्टरने किटण काढून दिलं आणि दोन आठवडे क्लोरहेक्झिडिन वापरायला सांगितलं. तिला खूप आराम पडला, तोंडाचा वास गेला, आणि म्हणून ती बाटली संपली की नवीन आणत राहिली, महिनोन्‌महिने. दात हळूहळू तपकिरी होत गेले. आणि आमच्याकडे तपकिरी दात म्हटलं की लोक एकच अर्थ काढतात, तंबाखू-सुपारीचा खर्रा. बाजारात कोणीतरी तिला तोंडावर विचारलं, "काहो वहिनी, खर्रा सुरू केला का तुमी?" ज्या बाईने आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही तिला हे ऐकावं लागलं, ती घरी येऊन रडली आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं. चहाची चव लागत नाही असंही ती म्हणायची, आम्हाला वाटायचं चहापत्ती बदलली म्हणून. हे सगळं त्या औषधाचं ठरलेलं आहे. महिनाभर किंवा जास्त वापरलं तर डाग पडतात, चहा पिणाऱ्यांना आणखी गडद, चव बदलते, किटणही जास्त धरू शकतं. डाग वरवरचे असतात, डॉक्टरने साफ केले की जातात, तिचेही गेले. औषध खराब नाही, ते थोड्या दिवसांचं आहे. ऑपरेशननंतर, दात काढल्यावर, हिरड्या फार सुजल्या तर त्याला तोड नाही आणि तिथे झाडपाल्याचा हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणखी एक, पेस्टने दात घासल्या घासल्या ते वापरलं तर पेस्टमधल्या फेसाच्या पदार्थाने त्याचा असर कमी होतो, मध्ये अर्धा तास तरी जाऊ द्यावा, हे मेडिकलमध्ये कोणी सांगत नाही.

तर रोजच्यासाठी, वर्षानुवर्षांसाठी, काहीतरी सौम्य पाहिजे, आणि तिथे आपली झाडं येतात.

सुश्रुतसंहितेत दातवणाचं वर्णन आहे, १२ अंगुळं लांब, करंगळीएवढं जाड, सरळ, गाठी नसलेलं, ताजं. आणि कोणतं झाड चांगलं तेही चवीप्रमाणे सांगितलंय, कडूत निंब, तुरटात खैर, गोडात मोह, तिखटात करंज. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बाहेर पाहिलं. निंब आमच्या अंगणात, करंज नाल्याच्या काठाला, मोह आणि खैर जंगलात शिरलं की लगेच. चारही झाडं आमचीच. आणि हिरडा, बेहडा, आवळा हे त्रिफळाचे तिन्ही मेळघाट, गडचिरोलीच्या जंगलातून लोक आजही गोळा करून विकतात. औषधाचं दुकान दारासमोर उभं असलेला असा मुलूख कमी असेल.

या झाडांत आहे काय? बाभूळ, खैर, हिरडा यांच्यात टॅनिन भरपूर असतं, तोंड जे तुरट होऊन आवळल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच, टॅनिन प्रथिनांना धरतं, आणि जंतूंना दातावर चिकटायला त्रास होतो असं प्रयोगशाळेत दिसलंय. निंबाच्या पानात, सालीत जंतू मारणारी कडू द्रव्यं आहेत. लवंगेत युजेनॉल, जे बधिरही करतं. हळदीत कर्क्युमिन, सूज कमी करणारं. आणि ओवा! ओव्याच्या तेलात थायमॉल असतं, ज्याला आपण ओव्याचं फूल म्हणतो ते थायमॉलच. लिस्टरीन हा विलायती माउथवॉश १८७९ मध्ये तयार झाला, त्यातल्या चार मुख्य द्रव्यांतलं एक थायमॉल आहे, बाकी निलगिरीचं, पुदिन्याचं आणि विंटरग्रीनचं द्रव्य. म्हणजे ज्याला आपण विलायती माउथवॉश समजतो त्यातही वनस्पतीच आहे, आणि आपल्या माळ्यावरच्या डब्यातला ओवा त्याचा जवळचा नातेवाईक. हर्बल आणि केमिकल अशी जी भिंत लोक उभी करतात ती मला म्हणूनच पटत नाही.

आता याच्या चाचण्या झाल्यात का, तर झाल्यात आणि भारतात बऱ्याच झाल्यात. त्रिफळावरची एक मोठी २०११ मध्ये छापून आली, हजाराच्या वर शाळकरी मुलं, ८ ते १२ वयाची, ९ महिने. काहींना ०.६ टक्के त्रिफळा, काहींना ०.१ टक्के क्लोरहेक्झिडिन, काहींना साधं पाणी. प्लाक आणि हिरड्यांच्या बाबतीत त्रिफळा क्लोरहेक्झिडिनच्या बरोबरीला आलं. मला हे वाचून आनंद झाला, खरंच झाला. पण तुलनेला जे क्लोरहेक्झिडिन होतं ते नेहमीच्या ०.२ च्या निम्म्या ताकदीचं होतं हेही बघायला पाहिजे. त्याच वर्षी हळदीच्या माउथवॉशचीही एक चाचणी आली, त्यात हिरड्यांची सूज दोन्हींनी सारखी कमी झाली पण प्लाक रोखण्यात क्लोरहेक्झिडिन सरस ठरलं. निंबावरच्या बहुतेक चाचण्या छोट्या, थोडे लोक, तीन आठवड्यांच्या आसपास. आणि त्यातल्या बऱ्याच चाचण्यांमध्ये सुरुवातीला सगळ्यांचे दात डॉक्टरने मशीनने साफ करून दिलेले असतात, मग माउथवॉश सुरू. लोक वर्तमानपत्रात वाचतात निंब क्लोरहेक्झिडिनच्या बरोबर, आणि वर्षानुवर्षांच्या किटणावर निंबाचं पाणी फिरवत बसतात. शिवाय चाचणीतला अर्क मोजून मापून काढलेला असतो, आपण पातेल्यात उकळतो त्याची ताकद रोज वेगळी. एवढं मान्य करूनही मला जे दिसतं ते असं की साध्या पाण्यापेक्षा हे काढे नक्की काहीतरी जास्त करतात, डाग पाडण्याच्या बाबतीत सौम्य आहेत, आणि ब्रश किंवा काडीच्या जोडीला रोज वापरायला चांगले आहेत. जोडीला म्हणजे जोडीला, बदल्यात नाही.

झाडाचं आहे म्हणून बिनधोक, हेही डोक्यातून काढायला पाहिजे आणि हे मी गावात वारंवार सांगत असतो. चरकाच्या दातवणांच्या यादीत करंज आहे तशी रुई आणि कण्हेरही आहे, आणि कण्हेर विषारी आहे, तिची काडी पोरांच्या हातात देऊ नये. आमच्याकडे दुखऱ्या दाढेत रुईचा चीक भरायची जुनी सवय आहे, त्याने हिरडी, गाल आतून भाजून निघतो. लवंगेचं तेल तसंच्या तसं कापसाने हिरडीवर दाबून ठेवलं तरी चट्टा पडतो. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी, यांनी दात पांढरे वाटतात कारण वरचं कवच खरवडलं जातं, मग हिरडीजवळ खाच पडते आणि थंड पाणी सहन होत नाही.

विटेच्या भुकटीवरून आठवलं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, १ लिटरमध्ये दीड मिलीग्रॅमच्या मर्यादेच्या वर. लहानपणापासून ते पाणी प्यालेल्या पोरापोरींच्या दातांवर पिवळे तपकिरी पट्टे असतात. ते दातात आतूनच आहेत, दात हाडात तयार होतानाच पडलेले. पोरी लग्नाच्या वयाच्या झाल्या की आरशासमोर विटेची भुकटी घासत बसतात आणि चांगला दात झिजवून टाकतात. त्यांना कोणीतरी प्रेमाने सांगायला पाहिजे की बाई हा मळ नाही, यात तुझा काही दोष नाही, घासून हे जाणार नाही, आणि हे पाण्याचं काम आहे, पाणी बदलायला पाहिजे.

आणि खर्रा. विदर्भात दातांबद्दल लिहायचं आणि खर्रा सोडायचा हे होऊच शकत नाही. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून, सकाळपासून गालात. ज्या जागी तो ठेवतात तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, सुपारीने तोंडाची कातडी आतून ताठ होत जाते आणि मग तोंड उघडत नाही, आणि त्यातून कॅन्सरचा धोका. बायांमध्ये तंबाखूची मिसरी, नस म्हणजे तपकीर, पूर्वेकडे गुडाखू म्हणजे गुळातली तंबाखू, तेही दात घासायच्या नावाखाली. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे पण मिसरी घरीच भाजून होते तिला कोण अडवणार. माझा चुलत मामा खर्रा खाऊन वरून निंबाचा माउथवॉश वापरतो आणि म्हणतो, "आता कायचं टेन्शन बे, निंब हाये ना वरतून." त्याला मी दर वेळी सांगतो, मामा, निंब वासाले झाकीन, खर्ऱ्याले नाही. तो ऐकत नाही, पण सांगणं सोडणार नाही.

आमच्या घरी सध्या असं चालतं. सकाळी ज्याला जमेल त्याने निंबाची किंवा बाभळीची ताजी काडी, पण आतली बाजू आणि मागच्या दाढा काडीने नीट निघत नाहीत म्हणून रात्री झोपायच्या आधी सगळ्यांनी मऊ ब्रश आणि फ्लोराईडची पेस्ट, कारण कीड रोखायला फ्लोराईड लागतं आणि कामापुरतं ते ना निंबात आहे ना त्रिफळात. (लहान पोरांना पेस्ट वाटाण्याएवढी, आणि थुंकायला लावायची, आमच्या भागात तर जास्तच.) दोन दातांच्या फटीत काडी, ब्रश, काढा कोणीच जात नाही, तिथे धागा फिरवायचा, वहिनीला आता त्याची सवय झालीय. मग आई त्रिफळाचं पाणी ठेवते, चमचाभर चूर्ण पेलाभर पाण्यात, अर्धं राहीपर्यंत उकळायचं, फडक्यातून गाळायचं, कोमट झालं की अर्धा एक मिनिट तोंडात घोळवून थुंकायचं. रोजचं रोज करायचं, शिळं ठेवायचं नाही, ते खराब होतं. तिळाच्या तेलाची गुळणीही आजीच्या वेळेपासून आहे, वडील करतात, त्यांना बरं वाटतं. चूळ थुंकता न येणाऱ्या लेकराला मात्र यातलं काहीच द्यायचं नाही.

हे सगळं करून दोन आठवड्यांत हिरड्यांचं रक्त थांबलं नाही, किंवा दात हलायला लागला, किंवा साखरेची बिमारी असून हिरड्या सुजल्या (साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही), किंवा तोंडात तीन बोटं उभी मावत नाहीत, किंवा गालात पांढरा चट्टा दिसला, तर काढा बंद करून सरळ दवाखाना. बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत दातांचे डॉक्टर बसतात, काही ग्रामीण रुग्णालयांतही, सकाळच्या ओपीडीच्या वेळेत गेलं की भेटतात. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे कमी पैशात किटण काढून मिळतं. आधी किटण काढून घ्या, मग तुमची निंबाची बाटली सुरू करा, आणि बाटलीआधी काडी.